अपडेट ६ : बी-पिलरने दोन ड्रिल बिट खाल्ले

गाडीच्या फ्लोअरचा पॅच बसला एकदाचा. ०.८ एमएमचा सीआरसीए वापरला, साधा मऊ पत्रा, हातोडी मारली की ऐकतो, फक्त मिग वेल्डरने सलग ओढायला गेलो तर पत्र्याला पोटच आलं, मग इथे एक टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) तिथे एक टॅक असं करत अख्खी संध्याकाळ गेली. ते ठीक.

खरी जिरली ती बी-पिलरपाशी, म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबापाशी. सिल (दाराखालची लांब पट्टी) बदलायचा म्हणून पिलरच्या खालचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपके) ड्रिल करत होतो, बाहेरची स्किन पटकन गेली आणि आतल्या थराला बिट टेकला की नुसता किंचाळतोय, चुरा म्हणून निघेना, दोन बिटांची टोकं निळी पडून बसली. आधी बिटलाच शिव्या घातल्या. मग नवीन बिट भंगारातल्या तुकड्यावर चालवून बघितला तर सरसर आरपार! शेवटी कानस घासली, तर काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडासुद्धा नाही.

म्हणजे तो बोरॉन स्टील, २२एमएनबी५ वाला. हा पत्रा भट्टीत ९०० अंशांच्या वर तापवतात, लाल असतानाच डायमध्ये दाबतात आणि थंड पण डायमध्येच करतात, त्यामुळे ताकद १५०० एमपीएच्या (मेगापास्कल) आसपास जाते, आपला सीआरसीए ३०० च्या आसपास. आणि टॉर्चने तापवून सरळ करू म्हणाल तर तेवढा भाग मऊ पडला समजा, अपघातात नेमका तिथेच दुमडणार. (मॅग्नेटने ओळखता येत नाही, सगळेच चिकटतात. कानसच बरी.)

आता पिलरकडून भोकच पाडत नाही, सिलच्या बाजूने बेल्ट सँडरने स्पॉट घासून पातळ करतोय आणि छिन्नीने उचकटतोय. हळू चाललंय पण बोरॉनला धक्का नाही. ९ पैकी ६ निघाले.

नवीन सिल गॅल्व्हनील्ड आहे, म्हणजे झिंकचा थर दिलेला, मॅट राखाडी. वेल्डच्या कडेचं झिंक आधी घासणार, कारण झिंक ९०७ अंशांनाच उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या वर लागतात, तोवर वाफ होऊन वेल्डमध्ये भोकं. मागे आळस केला होता, मास्क पण नव्हता, झिंकचा धूर नाकात गेला आणि रात्री थंडी वाजून ताप.

सिल वेल्ड न करता नुसता लावून बघितला (ड्राय फिट), पुढच्या टोकाला ३ एमएम फट राहतेय. जॅक स्टँड सरकवून परत बघतो.