दोन थेंब आणि एक सही

आधीच सांगतो, शाळेसाठी प्रोजेक्टर मागायचा अर्ज ऑफिसात पहिल्या दिवशीच कन्नडमध्ये न्या. माझे नऊ दिवस आणि चार खेपांचं बसभाडं त्यात गेलं.

आमची शाळा कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातली, मराठी माध्यमाची. पाचवीला पाण्याचा प्रकल्प होता. तक्ते चिकटवण्यापेक्षा मुलांनीच चित्रं काढून, आपल्या आवाजात तीन मिनिटांची गोष्ट फोनवर करायची ठरवली. कणकुंबीच्या डोंगरावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब. एक मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे, दुसरा म्हादईतून पणजीजवळ अरबी समुद्रात. मी फळ्यावर 'जलविभाजक' लिहिलं, तर मागच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "म्हणजे घराच्या आढ्यागत की ओ सर! हिकडचं पाणी अंगणात, तिकडचं परड्यात." गोष्टीचं पहिलं चित्र तेच झालं.

बाकी सगळं आठवड्यात उरकलं. अडलं प्रोजेक्टरपाशी. पालकांना दाखवायला दुसऱ्या शाळेचा प्रोजेक्टर हवा होता, त्याला एका ऑफिसची परवानगी. मराठी अर्ज टेबलावरून तसाच परत. कन्नडच्या बाईंकडून लिहून घेतला, तर साहेब मीटिंगला. "नाळे बर्री." म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी गेलो, तर हेडमास्तरांचा शिक्का नाही म्हणे. हे आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? शिक्का घेऊन गेलो, तर क्लार्कनी चष्म्यावरून बघितलं. "शाळेत सिनेमा?" बाईंनी व्हिडिओला 'चलनचित्र' लिहिलं होतं!

मोडक्या कन्नडमध्ये किती समजावणार? फोनच पुढं धरला. (फोनमध्ये व्हिडिओ ठेवाच, ऑफिसात रेंज नसते.) त्यांनी अख्खा बघितला आणि विचारलं, यात धरण कुठं आहे? ते सौंदत्तीकडचे. तिथं नविलुतीर्थला मलप्रभा अडवली आहे, आणि आमचा थेंब थेट कृष्णेत! राग आला होता, पण चूक आमचीच.

आवाजाचं राहिलं. पत्र्यावर पाऊस वाजत असताना वर्गात रेकॉर्डिंग होत नाही. आम्ही अक्षर दासोहच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) तांदळाच्या पोत्यांमध्ये बसून केलं, घुमत नाही. आणि चित्रांचा क्रम कागदावर लागेपर्यंत पोरांच्या हाती फोन देऊ नका, नुसत्या सेल्फ्या निघतात.

सही चौथ्या खेपेला मिळाली. मग पोरांनी धरणाचं चित्र घातलं. थेंब आता तिथं मुक्काम करून पुढं जातो.