लॉगर प्राण्यात बसवायच्या आधी पाण्यात बुडवा

डेटाशीटवर (कंपनीच्या माहितीपत्रकावर) ±०.५ अंश अचूकता लिहिलीय म्हणजे झालं, असं म्हणून लॉगर, म्हणजे शरीराचं तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, डायरेक्ट प्राण्यात बसवणारे लोक बघितले की मला खरंच टेन्शन येतं. अहो, बऱ्याच सस्तन प्राण्यांत दिवस-रात्रीतला फरकच १-२ अंशांचा असतो, मग एक लॉगर अर्धा अंश वर नि दुसरा अर्धा खाली दाखवत असेल तर दोन प्राण्यांची तुलना करणार कशी? आयबटनसारखा लॉगर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांत आकडे देतो, पण बारीक आकडा म्हणजे बरोबर आकडा नव्हे.

करायचं काय तर पाणी सतत ढवळणारा वॉटर बाथ (पाणी ठरावीक तापमानाला धरून ठेवणारं भांडं) घ्यायचा, सर्टिफिकेट असलेला रेफरन्स थर्मामीटर अगदी सेन्सरांना चिकटून ठेवायचा आणि ३२ ते ४२ मध्ये चार-पाच तापमानांवर थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं हां, कारण मेणाचा थर चढवलेला लॉगर हळू तापतो, आणि हो, मेण आधी, कॅलिब्रेशन (खऱ्या तापमानाशी ताडून बघणं) नंतर. मग प्रत्येक सेन्सरचा आकडा आणि रेफरन्सचा आकडा यांची रेषा वेगळी काढायची, सगळ्यांना एकच करेक्शन नको. शीतनिद्रेतले प्राणी असतील तर रेंज पार खाली न्यावी लागते, आर्क्टिक ग्राउंड स्क्विरल या खारीचं शरीर उणे २.९ अंशांपर्यंत गेल्याची नोंद १९८९ साली छापून आलीये, तिथे साधं पाणी चालणारच नाही.

लॉगर परत मिळाले की पुन्हा बाथमध्ये टाका, ड्रिफ्ट, म्हणजे काळानुसार सेन्सरच्या आकड्यात पडलेला फरक, तेव्हाच कळतो. कंटाळवाणं काम आहे म्हणून बरेच जण टाळतात, आणि पेपरमध्ये 'सेन्सर कॅलिब्रेट केले' एवढंच एक वाक्य. कुठल्या तापमानांना, कशाशी ताडून, ते पण लिहा ना!