काळ्या मातीतले कोनफ्लॉवर आणि वाणाचे कूळ

परभणीसारख्या ठिकाणी कोनफ्लॉवर लावायचे म्हटले की पहिली शंका उन्हाळ्याची निघते. ४२-४३ अंशांच्या उन्हात हे परदेशी झाड कसे तग धरणार, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. माझ्या घरामागच्या वाफ्यांचा अनुभव मात्र असा आहे की उन्हाने गेलेली झाडे थोडी आणि पावसाळ्यात मुळे कुजून गेलेली झाडे अधिक. त्यामुळे वाण निवडताना फुलाच्या रंगाआधी त्याचे कूळ पाहावे, म्हणजे ते कोणत्या जमिनीतून आले आणि त्याचे मूळ कसे आहे हे पाहावे, असे माझे मत बनले आहे.

कोनफ्लॉवर म्हणजे एकिनेशिया. करडई, सूर्यफूल, झेंडू, शेवंती ही सगळी त्याच्याच कुळातली. मधला फुगीर, काटेरी बोंडासारखा भाग पाहून शेजारच्या आजींनी पहिल्याच वर्षी विचारले होते, "ताई, हे करडईवानी फूल कशाचं हो?" वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचा अंदाज काही फारसा चुकलेला नव्हता. या वंशातल्या सर्व जाती मूळच्या उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातल्या आहेत, पण त्या एकाच प्रकारच्या जमिनीत वाढत नाहीत आणि आपल्या निवडीचा सगळा प्रश्न तिथेच सुरू होतो.

जांभळ्या फुलांची पर्प्युरिया ही जाती विरळ जंगलांच्या कडेला आणि गवताळ मैदानांत, तुलनेने ओलसर जागी वाढते. तिला एकच खोल सोटमूळ नसते, तंतुमुळांचा दाट झुबका असतो, म्हणून तिचे रोप एका जागेवरून उपटून दुसरीकडे लावले तरी ते सहसा रुसत नाही. पिवळ्या फुलांची पॅराडॉक्सा मात्र मिसुरी आणि अर्कान्सॉ राज्यांतल्या ओझार्क टेकड्यांवर, खडकावर पसरलेल्या पातळ मातीच्या थरात उगवते. तिचे सोटमूळ खोल जाते, पाणी साचलेले तिला खपत नाही आणि तिच्या बियांना रुजण्याआधी ओलसर थंडीचा मोठा काळ लागतो. लांब, लोंबत्या पाकळ्यांची पॅलिडाही सोटमुळाचीच. टेनेसी राज्यातली चौथी जाती तर इतकी दुर्मीळ होती, की १९७९ साली अमेरिकेने तिला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घातले. तिची संख्या सावरल्यावर २०११ साली ती यादीतून बाहेर आली.

आज चित्रांत दिसणारे नारिंगी, शेंदरी, आंब्याच्या रंगाचे कोनफ्लॉवर हे पर्प्युरिया आणि पॅराडॉक्सा यांच्या संकरातून आले आहेत. शिकागो बोटॅनिक गार्डनने असा नारिंगी वाण 'आर्ट्स प्राइड' या नावाने २००४ साली बाजारात आणला आणि त्यानंतर अशा वाणांचा पूरच आला. रंग पॅराडॉक्साकडून घेतला तर तिच्या खोडीही थोड्याफार सोबत येणारच. खुद्द अमेरिकेतल्या बागायतदारांचीही तक्रार असते, की ओल्या हिवाळ्यात ही रंगीत झाडे पहिल्याच वर्षी नाहीशी होतात. तिथला ओला हिवाळा आणि आपल्या काळ्या मातीतला श्रावण यांत मुळांच्या दृष्टीने फारसा फरक नाही, उलट आपल्याकडे उष्णता जास्त असल्याने कूज अधिक वेगाने पसरते.

आपली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पाडते. कापसाला आणि सोयाबीनला ती मानवते, कोनफ्लॉवरला मानवत नाही. लागवडीआधी फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा आणि दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळ उभे राहते ते पाहावे. अर्ध्या दिवसानंतरही तळाशी पाणी दिसत असेल तर त्या जागी जमिनीबरोबर रोप लावण्यात अर्थ नाही. वरून चार पाट्या वाळू मिसळल्याने काही साधत नाही, कारण चिकण मातीत थोडी वाळू गेली की ती आणखी घट्ट बसते. मी फूट-सव्वा फूट उंचीचा गादीवाफा करते. त्यात निम्मी काळी माती, जवळपास तेवढाच जाड मुरूम आणि उरलेले चांगले कुजलेले शेणखत असते. रोप लावताना पानांचा गुच्छ जिथून फुटतो तो भाग मातीच्या किंचित वर ठेवते. भोवती सोयाबीनचे भुसकट पसरते, पण ते खोडाला टेकू देत नाही. शेणखताचा हातही आखडताच बरा, कारण नत्र जास्त झाले की दांडे उंच आणि लेचेपेचे होतात व पहिल्या वळवाच्या वाऱ्याला आडवे पडतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सोयाबीन करणाऱ्यांना ही खूण ओळखीची आहे. ती लोहाची कमतरता असते आणि चिलेटेड लोहाच्या, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातल्या लोहाच्या, फवारणीने पानांचा रंग परत येतो.

पेरणीसाठी मी हस्ताचा पाऊस ओसरण्याची वाट पाहते, म्हणजे रब्बीची गडबड सुरू असते तेव्हाच माझे ट्रे भरले जातात. बी कोकोपीटवर टाकून जेमतेम झाकले जाईल एवढाच थर वर द्यावा. पर्प्युरियाचे बी २० ते २४ अंशांत दोन-तीन आठवड्यांत उगवते. उगवण एकसारखी हवी असल्यास ओल्या कापडात गुंडाळून ते महिनाभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवता येते. पॅराडॉक्सा आणि पॅलिडा यांच्या बाबतीत मात्र ही थंडी ऐच्छिक नसते. घरातल्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या शेजारी बियांची पुडी महिनोन्‌महिने ठेवण्यावरून होणारे संवाद ज्याने त्याने आपल्या जबाबदारीवर पार पाडावेत.

फुलोऱ्याचे गणित शेवंतीच्या बरोबर उलट आहे. शेवंतीला रात्र मोठी झाली की कळ्या लागतात, कोनफ्लॉवरला दिवस मोठा हवा असतो. पर्प्युरियाच्या वाणांवर झालेल्या प्रयोगांत १३ ते १५ तासांच्या दिवसात फुलोरा चांगला आल्याचे दिसले आहे. परभणीत जूनमधला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांहून थोडाच अधिक भरतो. म्हणून थंडीभर रोप पानांचा गुच्छ धरून जमिनीलगत बसून राहते, त्या काळात ते मुळे वाढवत असते, आणि दांडे वर येतात ते उन्हाळ्यात. संक्रांतीला एकही कळी दिसत नाही म्हणून रोप उपटून टाकण्याची घाई करू नये. शेवंतीच्या पॉलिहाउसमध्ये फुलोरा लांबणीवर टाकण्यासाठी रात्री दिवे लावतात. तोच उपाय इथे फुलोरा आणण्यासाठी उपयोगी पडतो. फेब्रुवारीपासून रात्री १० ते २ या वेळात वाफ्यावर एक साधा एलईडी दिवा लावला तरी पुरतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतरची सावली मात्र लागतेच. माझ्याकडे ती शेवग्याच्या झाडाची मिळते, इतरांना शेडनेट बांधावे लागेल.

आता नावांकडे वळू. बियांच्या पाकिटातून खात्रीने मिळू शकणारे आणि टिश्यू कल्चरने किंवा मुळांच्या तुकड्यांपासूनच वाढवले जाणारे, असे वाणांचे दोन गट आहेत. 'मॅग्नस', 'व्हाइट स्वॅन', हिरवट कडांच्या पाकळ्यांचा 'ग्रीन ट्विस्टर' आणि 'पॉववॉव वाइल्ड बेरी' हे पहिल्या गटातले. 'मॅग्नस' स्वीडनमध्ये निवडला गेला. पाकळ्या खाली न लोंबता आडव्या पसरतात, हे त्याचे वैशिष्ट्य. १९९८ साली अमेरिकेत त्याला वर्षातील बहुवर्षायू वनस्पतीचा मान मिळाला होता. मराठवाड्यात पहिल्यांदा लावणाऱ्याने 'मॅग्नस'पासूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन. 'पॉववॉव वाइल्ड बेरी' ठेंगणा असल्याने कुंडीत शोभतो आणि बहुधा पहिल्याच वर्षी फुलतो. नारिंगी-पिवळ्याचा हट्टच असेल तर 'चेयेन स्पिरिट' घ्यावा. नव्या वाणांच्या चाचण्या घेणाऱ्या 'ऑल अमेरिका सिलेक्शन्स' या संस्थेचा पुरस्कार २०१३ साली मिळालेला हा बियांपासून होणारा मिश्र वाण आहे. एका पाकिटातून जांभळी, लाल, नारिंगी, पिवळी, मलईच्या रंगाची अशी सगळी रोपे निघतात आणि त्यांतली जी आपल्या मातीत टिकतील तीच पुढे ठेवायची, असा निवडीचा खेळ त्यात आपोआप होतो.

'हॉट पपाया', 'टोमॅटो सूप', 'रॅझमॅटॅझ' ही नावे दुसऱ्या गटातली. त्यांचे बी म्हणून जे विकले जाते त्यातून तसेच झाड येण्याची शक्यता नसते. निळ्याशार कोनफ्लॉवरचे बी ऑनलाइन विकणाऱ्यांविषयी तर एवढेच सांगता येईल की या वंशात निळे फूलच नाही, चित्रातला निळा संगणकाचा आहे.

दुहेरी पाकळ्यांच्या वाणांना माझ्या वाफ्यात जागा नाही. त्यात मधल्या काटेरी भागावरही पाकळ्यांचे गोंडे येतात आणि मधमाश्यांना काही उरत नाही. अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या माउंट क्युबा सेंटर या वनस्पती उद्यानाने २०१८ ते २०२० या काळात कोनफ्लॉवरच्या वाणांची चाचणी घेतली, तेव्हा एकेरी फुलांवर परागण करणाऱ्या कीटकांची वर्दळ दुहेरींपेक्षा अधिक आढळली. सर्वाधिक पसंती 'फ्रॅग्रंट एंजल' या पांढऱ्या वाणाला होती. सकाळी आठच्या सुमारास एकेरी फुलाजवळ थांबून पाहिले तर कारण कळते. शेंदरी टोकांच्या काट्यांमधून बारीक फुलांची फक्त एकच ओळ उमललेली असते, ती कडेकडून मध्याकडे सरकत जाते आणि फुलोरी माशी त्याच ओळीवरून गोल फिरत राहते. मधल्या, अजून न उमललेल्या भागाकडे ती ढुंकूनही पाहत नाही.

कीड फारशी लागत नाही, पण तुडतुड्यांवर लक्ष ठेवावे लागते. त्यांच्यामार्फत फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग पसरतो. फुलाच्या मधून हिरव्या पानांचे झुबके निघतात, पाकळ्या हिरवट आणि वेड्यावाकड्या होतात. वांग्यावरचा बोकड्या ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रकार नवा नाही, तिथेही कारण फायटोप्लाझ्माच असते. औषध नाही. झाड मुळासकट काढून नष्ट करावे. हिरवे फूल म्हणजे नवा वाण निघाला, अशा आनंदात ते जपून ठेवू नये.

कोनफ्लॉवरचा काढा करावा का, असे बरेच जण विचारतात. सर्दीवर त्याचा उपयोग होतो की नाही याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि गाजरगवताची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर त्याच कुळातली ही वनस्पती पोटात घेण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

पावसाळा सुरू होण्याआधी सुकलेले दांडे कापावेत, वाफ्याच्या कडेचा चर मोकळा करावा आणि जूननंतर वरून पाणी देणे थांबवावे. बियांसाठी ठेवलेली बोंडे पूर्ण काळी पडल्यावरच तोडावीत. काटे बोटांना चांगलेच टोचतात, तेव्हा ती गोणपाटावर घासून बी मोकळे करावे आणि सावलीत वाळवून कागदी पुडीत ठेवावे. 'मॅग्नस' आणि 'व्हाइट स्वॅन' शेजारी लावले असतील तर मधमाश्या त्यांचा संकर घडवणारच. त्या बियांतून निघणाऱ्या रोपांचा रंग फुलल्यावरच कळतो, म्हणून शुद्ध पांढरा हवा असेल तर त्याचे बी दरवर्षी विकत घ्यावे किंवा तो वाफा घराच्या दुसऱ्या बाजूला, जांभळ्यापासून शक्य तितका लांब ठेवावा.