धारेवर पाणी नसतं

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. वर्षात दुकान सोडून दहा-बारा दिवस बाहेर पडता येईल असा काळ एकच, पितृपंधरवडा. गणपती झालेले असतात, नवं भांडं कुणी घेत नाही, आणि घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत मान वर करायला सवड नसते. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत ताई, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई, "या वर्षी हिमालयात एखादी धार चालू या, पण माणसांची रांग नको" असं म्हणाल्या, तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटून आधी भाद्रपद काढला. १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर. पावसाचा जोर ओसरत आलेला, आणि दसरा-दिवाळीच्या सुट्ट्यांची गर्दी अजून लांब.

रांगेचा धसका आम्हाला उत्तराखंडातल्या केदारकंठाने दिला होता. काही वर्षांपूर्वी डिसेंबरात गेलो होतो. डोंगर देखणा, ३८१० मीटर उंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पहाटे अंधारात टॉर्चची माळ लागलेली, आणि माथ्यावर फोटोसाठी थांबलेली माणसं. ताई तिथे पाच मिनिटंही थांबल्या नाहीत. उतरताना म्हणाल्या, "माथ्यावर सगळ्यांनाच जायचं असतं. आपण धार धरू."

सह्याद्रीत भटकणाऱ्याला धार म्हणजे काय ते सांगायला नको. दोन्ही बाजूंना दरी, मधून वाट, आणि चालताना सगळा वेळ आकाश सोबतीला. गढवालातही धारेला धारच म्हणतात, हे कळल्यावर मला फार आपलंसं वाटलं होतं.

कुठली धार, यावर महिना गेला. दार्जिलिंगकडची सिंगालीला आधी सुचली, पण संदकफूपर्यंत, म्हणजे ३६३६ मीटरपर्यंत, जीप जाते. दोन दिवस चालून पोचायचं आणि समोर गाड्या उभ्या, हे नको होतं. नाग टिब्बा डेहराडूनला जवळ, म्हणूनच शनिवार-रविवारी भरलेला. मग केदारकंठाची वाट जिथून सुरू होते त्या सांकरी गावाच्याच बाजूची फुलारा धार पक्की केली. उंची साधारण ३७०० मीटर, समोर स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं. केदारकंठाला गेलो तेव्हा सांकरीतल्या चहावाल्याने हात करून दाखवलेली दिशा तीच होती. त्या वेळी आम्ही नुसती मान डोलावली होती.

पहिली चूक इथे झाली. स्वतः सगळं जुळवायचा कंटाळा केला आणि मुंबईतल्या एका आयोजकांकडे पैसे भरले. जाहिरातीत शांत, अनवट वाट असं लिहिलं होतं. आठ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं, तर त्यात सव्वीस जण. कुणीतरी स्पीकर आणायचं कबूल केलं आणि खाली अंगठ्यांची रीघ लागली. मी फोन करून विचारलं, एवढी माणसं एका धारेवर एकाच दिवशी? उत्तर मिळालं, "मॅडम, जास्त माणसं असली की मजा येते." आम्ही नाव काढून घेतलं. भरलेल्या पैशातले निम्मे परत आले. निम्मे गेले त्याचं वाईट वाटलं, पण एक धडा मिळाला: शांतता हवी असेल तर किती माणसं जाणार हे पैसे भरण्याआधी आकड्यात विचारायचं.

मग ओळखीतून सांकरीतल्या एका गाइडचा नंबर मिळाला. तिशीचा मुलगा, वडीलही हेच काम करायचे. पहिल्याच फोनला मी वही घेऊन बसले होते आणि विचारलं की धारेवरून सूर्योदय दिसेल अशा जागी तंबू लावता येईल का. तो हसला नाही, शांतपणे म्हणाला, "दीदी, धार पर पानी नहीं होता."

खरंतर हे मला कळायला हवं होतं. आपल्या गडांवर टाकी खोदलेली असतात म्हणून माथ्यावर पाणी मिळायची सवय लागलेली. त्या टाक्यांमागे कुणाचे तरी छिन्नी-हातोडे असतात. उघड्या धारेवर पडलेलं पाणी दोन्ही उतारांनी निघून जातं. मुक्काम करायचा तो खाली, झऱ्याजवळ. गढवालीत अशा झऱ्याला धारा म्हणतात. वरून चालायची ती धार आणि खाली ज्याच्याशी थांबायचं तो धारा. हे दोन शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि त्यानंतरचा सगळा बेत त्यांच्याभोवती बसवला. धारेच्या दिवशी प्रत्येकीकडे तीन लिटर पाणी, मुक्कामावरच भरून घ्यायचं. पहाटे सहाला निघायचं आणि दुपारी बाराच्या आत धार सोडायची. दुपारनंतर ढग चढतात, आणि वीज पडायला उघड्या धारेसारखी दुसरी वाईट जागा नाही.

तंबूच्या जागेला दुसरंही कारण होतं. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे झाडांच्या रेषेवरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. तंबूंनी आणि पायांनी ते गवत पार उखडलं होतं. गाइडने आपणहूनच सांगितलं की तंबू झाडीतच लागतील. त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास बसला. भांड्याच्या धंद्यात आम्ही तळ वाजवून भांडं पारखतो. हा माणूस आपल्या मुद्द्यावर पक्का वाजला.

आता तब्येत. वनखात्याच्या परवानगीसाठी ओळखपत्रांच्या प्रतींबरोबर डॉक्टरांचा दाखलाही तयार ठेवा, असं गाइडने सांगितलं होतं. नुसता सही-शिक्क्याचा दाखला आणता आला असता, पण ताई चोपन्न वर्षांच्या, मी सत्तेचाळीस. दोघींनी नीट तपासून घ्यायचं ठरवलं. माझा ईसीजी, रक्त सगळं ठीक. ताईंचं ब्लड प्रेशर १५०/९६. त्यांना काहीच त्रास होत नव्हता, म्हणून कळलंही नव्हतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं. घरी येताना रिक्षात ताई एकदाच म्हणाल्या, "बेत मोडला तर तू एकटी जा." मी काही बोलले नाही. एकटीने जायचा विचार माझ्या मनात एका दिवसासाठीही नव्हता.

जूनमध्ये १३२/८४ आलं. डॉक्टरांनी परवानगी दिली आणि विरळ हवेच्या गोळीचा, डायमॉक्सचा, विषय काढून आधी विचारलं, सल्फाच्या औषधाने कधी अंगावर पुरळ उठलंय का? ताईंना कॉलेजात असताना उठलं होतं. डॉक्टर म्हणाले, मग ही गोळी तुम्हाला नको, तुमचं औषध म्हणजे सावकाश चढणं. ३७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६४ टक्के असतो, आणि ठाणं तर खाडीकाठचं शहर. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हा नियम त्यांनी कागदावर लिहून दिला. गाइडच्या नेहमीच्या आखणीत सिकोलटाचा मुक्काम आणि त्यापुढचा भूर्जवृक्षांजवळचा मुक्काम यांच्यात साधारण सहाशे मीटरची उडी होती. मी फोन केला. त्याने एक रात्र वाढवली आणि सांकरीतही एक दिवस नुसतं थांबायचं ठरलं. खर्च वाढला. तो हिशोब मी ताईंना दाखवला नाही.

सरावाचं सांगायचं तर येऊरचा डोंगर आमच्या दाराशी. जून ते सप्टेंबर आठवड्यातून तीनदा पहाटे जायचो. पण येऊरच्या चढाने काही होणार नव्हतं, कारण आमची भीती उताराची होती. शेवटच्या दिवशी पुष्टाऱ्याच्या मुक्कामाहून तालुका गावापर्यंत (होय, गावाचं नावच तालुका) एका दमात हजार मीटरपेक्षा जास्त उतार. ताईंचा फ्लॅट घोडबंदर रोडला, बाविसाव्या मजल्यावर. आम्ही लिफ्टने वर जायचो आणि पाठीवर सामान घेऊन पायऱ्यांनी खाली. रोज पाच खेपा. वॉचमनने दुसऱ्या दिवशी विचारलं, लिफ्ट उतरताना बंद पडते का? सहाव्या आठवड्यात ताईंच्या अंगठ्याचं नख काळं झालं. बूट अर्धा नंबर मोठा हवा आणि उतरताना घोट्यापाशी नाडी घट्ट हवी, हे आम्हाला घोडबंदरच्या जिन्यात कळलं. हिमालयात कळलं असतं तर फार महागात पडलं असतं.

ऑगस्टमध्ये कसाऱ्यापर्यंत लोकल आणि पुढे जीप करून बारी गाठलं, भर पावसात पूर्ण वजनासह कळसूबाई केला. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच टोक. वर देवीपाशी टेकल्यावर मला आठवलं की सांकरी गावच साधारण १९५० मीटरवर आहे. आपला कळस जिथे संपतो त्याच्याही वर त्यांची वाट सुरू होते.

सामानाचं वजन दुकानाच्या काट्यावर केलं. तांब्या-पितळेची भांडी अजून वजनावर जातात, त्यामुळे काटा ग्रॅमपर्यंत अचूक. दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून आम्ही एकेक वस्तू ठेवत होतो. माझी लाडकी दुपदरी स्टीलची बाटली रिकामीच चारशे साठ ग्रॅम भरली. त्याच मापाची एकपदरी दोनशेच्या आत. मी दुपदरी परत फळीवर ठेवली. ताईंनी तीन शाली आणल्या होत्या. दोन परत गेल्या. शेवटी काटा आठ किलो दोनशेवर थांबला. आमचे हे गल्ल्यापाशी बसून वहीत लिहीत होते. "बिल कुणाच्या नावावर करू?" म्हणाले.

सगळ्यात अवघड परवानगी घरातच होती. सासूबाई म्हणाल्या, पितृपंधरवड्यात प्रवासाला निघत नाहीत. त्यांचं म्हणणं मोडायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही सासऱ्यांचं श्राद्ध सोडून जायचं नव्हतं. त्यांची तिथी द्वितीया, म्हणजे १९ सप्टेंबर. ताईंनी आईंजवळ बसून सांगितलं, "आई, बाबांचं सगळं करून मग निघते. बाबांनीच मला पहिल्यांदा डोंगरावर नेलं होतं ना?" आई बराच वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोकरीचे मोजे घेतलेस का?"

मे महिन्यातच २० तारखेची राजधानीची तिकिटं कल्याणहून काढून ठेवली होती. त्या वेळी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. आता नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय, हे नव्याने बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दिल्लीहून दुपारची जनशताब्दी, रात्री डेहराडून. तिथून सांकरी सुमारे दोनशे किलोमीटर, पण मसुरी, पुरोला, मोरी करत पूर्ण दिवस जातो. परतीला दोन दिवस मोकळे ठेवले होते, दरड कोसळली तर म्हणून. नैटवाडला रुपिन आणि सुपिन एकत्र येऊन तमसा, म्हणजे टोन्स, होते. तिथल्या चौकीवर आमचे कागद तपासले. गोविंद पशुविहार हे अभयारण्य १९५५ सालचं. कर्मचाऱ्याने वहीत नोंद करताना विचारलं, "बस दो लोग?" ताई म्हणाल्या, "बस दो."

द्वितीयेला श्राद्धाचं पान गच्चीवर ठेवलं होतं. एरवी सकाळपासून कोकलणारा कावळा त्या दिवशी येईना. ताई उन्हात हात जोडून उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने शेवटी गाईला घास दिला आणि आम्ही जेवायला बसलो. ताई पोटभर जेवल्या नाहीत.

२७ तारखेला, शुक्रवारी, सकाळी साडेनऊला आम्ही धारेवर होतो. गवत पिवळं पडायला लागलेलं, स्वर्गारोहिणीवर नवा बर्फ. आमच्यापुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. ताईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, ८८. ठीक होतं, त्यांचं डोकंही दुखत नव्हतं. दगडावर बसून डबा उघडला तेव्हा धारेच्या कडेवरून एक काळा पक्षी वाऱ्यावर तरंगत आला आणि दोन हातांवर उतरला. कावळ्यासारखाच, पण चोच पिवळीधमक आणि पाय लाल. गाइडच्या नियमात वर काही टाकायचं नाही. ताईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं, पोळीचा नखाएवढा तुकडा मोडला आणि दगडावर ठेवला. गाइडने बघून न बघितल्यासारखं केलं. पक्ष्याने तुकडा उचलला आणि दरीवर झेपावला.

ताईंनी डबा मिटला. माझ्या बाटलीत अजून दीड लिटर पाणी होतं. पश्चिमेकडून पांढरं काही वर चढताना दिसायला लागलं आणि गाइड उठून उभा राहिला. "चलो दीदी, नीचे धारे पर चाय बनाते हैं."