हातोडा, पीस आणि एक कॉपीराइट स्ट्राइक

चंद्रावर उभा असलेला एक माणूस. एका हातात हातोडा, दुसऱ्या हातात पीस. दोन्ही तो एकाच वेळी सोडतो आणि दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकतात. अपोलो १५ मोहिमेचा कमांडर डेव्हिड स्कॉट याने २ ऑगस्ट १९७१ रोजी हा प्रयोग टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर करून दाखवला. हातोडा सव्वा किलोच्या वर, पीस ससाण्याचं, जेमतेम ३० ग्रॅमचं.

मी शाळकरी मुलांसाठी खगोलशास्त्राचे छोटे व्हिडिओ करते. गुरुत्वाकर्षणावरच्या नऊ मिनिटांच्या व्हिडिओत हे दृश्य घेतलं, ४२ सेकंदांचं. नासाच्या संग्रहातून उतरवून घेतलेलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून जे तयार केलं, त्यावर त्या देशात कॉपीराइट लागत नाही. नासाचं बहुतेक चित्रीकरण त्यात येतं. मात्र त्यांचं बोधचिन्ह आपलं असल्यासारखं वापरता येत नाही, आणि त्यांच्या काही फिल्मना बाहेरून घेतलेलं संगीत असतं, ते वेगळ्या मालकीचं. हे मला आधीपासून ठाऊक होतं. म्हणून सुरुवातीची पाटी कापली आणि आवाज पूर्ण माझाच ठेवला. एवढी काळजी घेतल्यावर कोण काय बोलणार, अशा समजुतीत मी होते.

आठव्या दिवशी मेल आला. एका बड्या टीव्ही कंपनीने त्या ४२ सेकंदांवर हक्क सांगितला होता. व्हिडिओ दिसत राहणार होता, पण त्यावर आता जाहिराती लागणार आणि पैसे त्यांच्याकडे जाणार. मी स्वतः त्या चॅनेलवर कधी जाहिराती लावल्या नव्हत्या, कारण बघणारी मुलं दहा-बारा वर्षांची.

हे कसं घडलं ते समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्या कंपनीने चांद्रमोहिमांवर एक कार्यक्रम केला होता आणि त्यात हेच दृश्य वापरलं होतं. पुढे तो अख्खा कार्यक्रम त्यांनी व्हिडिओ साइटच्या जुळणी करणाऱ्या यंत्रणेला नमुना म्हणून देऊन टाकला. यंत्रणेला मूळ कुणाचं ते कळत नाही. ती फक्त चित्राशी चित्र ताडून बघते, आणि नमुना ज्याने दिला तो मालक. ज्यावर आपला एकट्याचा हक्क नाही असा भाग नमुन्यातून वगळायचा, असं नियमांत लिहिलेलं आहे. पण तासाभराच्या कार्यक्रमातून सार्वजनिक मालकीची दृश्यं निवडून बाजूला काढत बसायला वेळ कुणाला आहे?

भाऊ म्हणाला, "अगं, ४२ सेकंदच तर आहेत. काप आणि मोकळी हो." कापायची सोय तिथेच होती, एका बटणावर. खरं सांगायचं तर मी ते बटण दाबायच्या बेतात होते. पण तो व्हिडिओ त्या ४२ सेकंदांसाठीच केला होता. उरलेली आठ मिनिटं ही त्याची प्रस्तावना.

मग हरकत नोंदवली. फॉर्मवर कारण निवडायचं असतं: परवानगी आहे, वाजवी वापर आहे, मूळ माझंच आहे, किंवा सार्वजनिक मालकीचं आहे. मी शेवटचं निवडलं आणि खालच्या चौकटीत जरा जास्तच लिहिलं. हे नासाचं आहे, शिवाय मी ते शिक्षणासाठी वापरलंय, शिवाय नऊ मिनिटांत ४२ सेकंदच घेतलेत, शिवाय मी पैसे कमवत नाही. ही माझी चूक होती. ती किती मोठी होती ते नंतर कळलं.

उत्तर द्यायला दावेदाराला ३० दिवस. आणि ते उत्तर साइट देत नाही, दावेदारच देतो. ज्याने चोर म्हणून बोट दाखवलं, चोरी झाली की नाही हेही त्यानेच ठरवायचं. हे मला दोनदा वाचावं लागलं.

त्या ३० दिवसांत मी बरंच वाचून काढलं, आणि वाचता वाचता एक जुना दिवस आठवला. १८ जानेवारी २०१२. तेव्हा मी शिकत होते, दुसऱ्या दिवशी काहीतरी लिहून द्यायचं होतं, आणि इंग्रजी विकिपीडिया २४ तासांसाठी बंद. काळा पडदा आणि त्यावर कसल्याशा कायद्याचा निषेध. सोपा आणि पिपा ही नावं मी तेव्हा पहिल्यांदा वाचली आणि मनातल्या मनात त्या सगळ्यांना शिव्या घातल्या. अमेरिकेतला कायदा, मला काय त्याचं?

आता मात्र तपशिलात वाचलं. सोपा हे विधेयक ऑक्टोबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहात आलं होतं, पिपा त्याच्या आधी सिनेटमध्ये. चोरीचा माल ठेवल्याचा आरोप असलेल्या परदेशी साइटचं नाव इंटरनेटच्या पत्त्यांच्या यादीतूनच अडवायचं, सर्च इंजिनला तिचे दुवे काढायला लावायचे, तिच्याकडे जाणारे पैसे आणि जाहिराती तोडायच्या, असा तो घाट. मागे उभे होते हॉलिवूडचे स्टुडिओ आणि संगीत कंपन्या. स्टुडिओंच्या संघटनेचा प्रमुख तेव्हा ख्रिस डॉड होता, वर्षभरापूर्वीपर्यंत स्वतः सिनेटर. ज्या दालनात कालपर्यंत मत द्यायचं, त्याच दालनाकडे आज मागण्या घेऊन जायचं. यात बेकायदा काही नाही, आणि मला वाटतं तीच त्यातली खरी ताकद आहे.

लोकांनी फोन करून करून खासदारांना भंडावून सोडलं. एकट्या गूगलच्या निषेधपत्रावर लाखो सह्या झाल्या. दोनच दिवसांनी, २० जानेवारीला, दोन्ही विधेयकं बासनात गेली. त्याच वर्षी युरोपात, बनावट माल आणि कॉपीराइटची चोरी रोखण्यासाठीच्या अ‍ॅक्टा नावाच्या आंतरराष्ट्रीय कराराविरुद्ध लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर उतरले. पोलंडमध्ये तर काही खासदारांनी निषेध म्हणून सभागृहातच मुखवटे चढवले. ४ जुलै २०१२ ला युरोपीय संसदेने तो करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला.

हे वाचताना मला अभिमान वगैरे वाटायला हवा होता. मला वाटला तो गोंधळ. लोक जिंकले होते ना? मग माझ्या व्हिडिओवर दुसऱ्याच्या जाहिराती कशा? कारण माझ्या बाबतीत जे चाललं होतं त्याला नवा कायदा लागतच नव्हता. १९९८ चा अमेरिकेचा डिजिटल कॉपीराइट कायदा होता, आणि त्यावर साइटने मोठ्या कंपन्यांशी जमवून घेतलेली स्वतःची व्यवस्था होती. काळा पडदा विधेयकासमोर धरता येतो, कुठल्या तरी सर्व्हरवर रात्री-अपरात्री चालणाऱ्या जुळणीसमोर कसा धरणार?

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम. कारण दिलेलं नव्हतं.

पुढची पायरी अपील. तिथे स्पष्ट बजावलेलं असतं की अपील फेटाळलं तर व्हिडिओ काढला जाईल आणि स्ट्राइक बसेल. तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद, सगळे व्हिडिओ गेले. एक स्ट्राइक उतरायला ९० दिवस. इथे मी माझ्या वकील मैत्रिणीला फोन केला. तिने माझी हरकत वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, तू एकाच दमात दोन उलट गोष्टी सांगितल्यास. वाजवी वापर म्हणजे वस्तू तुमची आहे, पण मी थोडी वापरली तर चालेल. सार्वजनिक मालकी म्हणजे वस्तू तुमची नाहीच. तिकडच्या कारकुनाने 'शिक्षणासाठी', 'थोडंच' हे शब्द बघितले आणि फेटाळून टाकलं."

मला एकदम युरोपातली ती गंमत आठवली. २६ मार्च २०१९ ला युरोपीय संसदेत नव्या कॉपीराइट निर्देशावर, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या नियमांवर, मतदान होतं. साइटवर चढवलेल्या मजकुराची जबाबदारी साइटवरच टाकणारं एक कलम त्यात होतं, आधी १३ वं आणि मग क्रमांक बदलून १७ वं. म्हणजे व्यवहारात माझ्या नशिबी आलेल्या यंत्रासारखी यंत्रं सगळीकडे बसणार, असा विरोधकांचा आक्षेप. पन्नास लाखांच्या आसपास सह्यांचं निवेदन, तीनच दिवस आधी जर्मनीत मोठे मोर्चे. दुरुस्त्यांवर वेगळं मतदान घ्यायचं की नाही, हा प्रश्न ३१२ विरुद्ध ३१७ असा पाच मतांनी पडला, आणि नंतर काही सदस्यांनी नोंदवलं की आपण चुकीचं बटण दाबलं. निर्देश ३४८ विरुद्ध २७४ मतांनी मंजूर झाला होता, तो तसाच राहिला. संसदेत बसून बटण चुकतं, तर माझ्या चौकटीत चार वाक्यं जास्त झाली यात नवल काय, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

अपिलात मैत्रिणीने मला पाचच ओळी लिहू दिल्या. दृश्य कुठल्या मोहिमेचं, कुठल्या तारखेचं, नासाच्या संग्रहात कुठे सापडतं, कायद्याचं कोणतं कलम, आणि दावेदाराचा कार्यक्रम त्यानंतर कित्येक वर्षांनी बनला हे. ऑगस्ट २०१२ मध्ये नासाच्याच चॅनेलवरचा, मंगळावर क्युरिऑसिटी ही गाडी उतरल्याचा व्हिडिओ एका वृत्तकंपनीच्या दाव्यामुळे काही काळ गायब झाला होता, तेही मला लिहायचं होतं. नासाचं चित्रीकरण नासालाच दाखवता येईना! मैत्रीण म्हणाली, "ते जेवताना सांग लोकांना. इथे नको."

यावेळी त्यांना सात दिवस होते. पाचव्या दिवशी व्हिडिओ गेला आणि स्ट्राइक बसला.

ज्या जागी व्हिडिओ होता तिथे करड्या रंगाची चौकट आणि कॉपीराइटच्या दाव्यामुळे काढल्याची ओळ. ती ओळ कंपनीच्या नावासकट सगळ्यांना दिसते. एका मुलाच्या आईने विचारलं, "ताई, तुम्ही कुणाचं काही घेतलं होतं का?" त्या एका प्रश्नाने मला जेवढा त्रास झाला तेवढा सगळ्या फॉर्मनी मिळून दिला नाही.

आता शेवटचं दार उरलं होतं: काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे कायद्यानेच ठरवून दिलेली प्रतिनोटीस. यात खरं नाव, राहता पत्ता, फोन नंबर द्यायचा. व्हिडिओ चुकीने किंवा ओळखण्यातल्या गफलतीमुळे काढला गेला अशी माझी प्रामाणिक खात्री आहे, असं शपथेवर लिहायचं, खोटं निघालं तर शिक्षा. अमेरिकेबाहेर राहत असाल तर तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करायचा. आणि हे सगळं, पत्त्यासकट, दावेदाराकडे जाणार.

मी चार दिवस तो फॉर्म उघडून बंद केला. बरोबर असणं वेगळं आणि एका कंपनीच्या विधी विभागाला आपल्या घराचा पत्ता देणं वेगळं. हा फॉर्म न भरता किती जण कात्रीचं बटण दाबत असतील, हे मला तेव्हा कळलं. नियम माझ्या बाजूने होता, फक्त त्याच्यापर्यंत पोचायची वाट मुद्दाम अंधारी ठेवल्यासारखी होती.

मैत्रिणीने दोन्ही बाजूंच्या शपथा शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. काढायला लावणाऱ्याच्या नोटिशीत शिक्षेची टांगती तलवार एवढ्यापुरतीच, की मालकातर्फे बोलायचा अधिकार त्याला आहे. वापर बेकायदा असल्याबद्दल त्याने नुसता प्रामाणिक समज सांगायचा. परत मागणाऱ्याचा प्रामाणिक समज मात्र शपथेखाली. जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्याकडून भरपाई मागता येते, पण ते सिद्ध करायचं म्हणजे आयुष्य घालवायचं. अमेरिकेत एका आईने बाळाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ चढवला होता, मागे गाणं वाजत होतं म्हणून तो २००७ मध्ये काढला गेला. व्हिडिओ परत आला, पण खटला लांबत गेला. नोटीस पाठवण्याआधी वाजवी वापराचा विचार करायलाच हवा, असं अपील न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं. प्रकरण मिटलं ते २०१८ मध्ये, तडजोडीने.

आणि एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या ग्रहणाच्या आकृत्या कुणीतरी जशाच्या तशा उचलल्या होत्या, तेव्हा काढून टाकण्याचा फॉर्म मीही भरला होता. दोन दिवसांत त्या उतरल्या आणि मला फार बरं वाटलं होतं. तेव्हा मला कुणी काही पुरावा विचारला नव्हता. तेव्हा ते खटकलंही नव्हतं.

पाचव्या दिवशी फॉर्म भरला. सही म्हणून स्वतःचं नाव टाइप केलं आणि पाठवलं. नोटीस पोचल्यापासून कामाच्या १० ते १४ दिवसांत व्हिडिओ परत ठेवायचा, तोपर्यंत दावेदाराने न्यायालयात धाव घेतली नाही तर, असा कायदा. या दिवसांत दारावरची बेल वाजली की मी आधी भिंगातून बघायचे. रोज सकाळी मेल उघडायचे आणि मोजायचे: आज सहावा, आज सातवा. शनिवार-रविवार धरायचे नाहीत हे दोनदा विसरले.

बाराव्या दिवशी मेल आला, दोन ओळींचा. व्हिडिओ पूर्ववत, स्ट्राइक मागे. कंपनीकडून एक अक्षर नाही. चूक झाली असं नाही, ठीक आहे असंही नाही. हरकत घेतल्यापासून हिशोब केला तर दोन महिने होत आले होते.

व्हिडिओ उघडला. खाली एका मुलाचा प्रश्न पडून होता, दावा येण्याच्या आदल्या दिवशीचा. "पीस खरंच असं पडलं की तुम्ही एडिटिंग केलंय?"

मी लिहिलं, "खरंच पडलं. तिथे हवा नाही. मी फक्त सुरुवातीची पाटी कापली."