तीन नंबरच्या खोलीचा थर्मोस्टॅट

सावद्याजवळच्या आमच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या थंड जागेत, चार खोल्या आहेत आणि चौघींना थंडावा पुरवणारे कॉम्प्रेसरचे युनिट मात्र एकच आहे. बाहेरच्या युनिटकडून येणारी द्रव गॅसची नळी मजघरात चार फाट्यांमध्ये विभागली जाते, प्रत्येक फाट्यावर विजेवर उघडझाप करणारा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, आणि त्या त्या खोलीचा थर्मोस्टॅट आपल्या व्हॉल्व्हला उघडण्याचा किंवा बंद होण्याचा हुकूम देतो. चारही व्हॉल्व्ह बंद झाले की नळीतला दाब उतरतो आणि लो-प्रेशर स्विच कॉम्प्रेसर थांबवतो. ही रचना स्वस्तात पडते आणि वीजही कमी खाते. मात्र एखाद्या खोलीत बिघाड झाला की तो त्या खोलीचा, तिच्या थर्मोस्टॅटचा, व्हॉल्व्हचा की मुख्य युनिटचा, हे चटकन उमगत नाही.

खोल्या वेगवेगळ्या ठेवण्याचे कारण केळीतच आहे. जी-नाइन या जातीच्या केळीचा माल भरल्यावर पहिल्या दिवशी त्याला पिकणे सुरू करणारा इथिलीन वायू द्यावा लागतो आणि तापमान १८ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. पुढे रंग चढू लागला की ते टप्प्याटप्प्याने १४ अंशांपर्यंत उतरवतात. त्यामुळे कोणत्याही दिवशी चार खोल्यांत चार निरनिराळ्या टप्प्यांवरचा माल असतो. तापमान २५ अंशांच्या वर गेले तर गर मऊ पडतो पण साल हिरवीच राहते, आणि फळ १३ अंशांच्या खाली गेले तर सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी रेषा उमटतात व पिवळा रंग राखाडी, निस्तेज दिसू लागतो. थंडीने बाधलेले केळे नंतर कितीही ऊब दिली तरी सुधारत नाही. शिवाय पिकताना केळी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे हवेचे तापमान आणि गराचे तापमान एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तीन नंबरच्या खोलीतला माल असाच निघू लागला. कूलिंग कॉइलच्या समोरच्या क्रेटमधल्या फण्या मळकट पिवळ्या, दाराजवळच्या ठीक. दारावरचा डिजिटल डिस्प्ले शांतपणे १७ दाखवत होता. व्यापाऱ्याने गाडीतून काही क्रेट परत केले तेव्हा पहिला संशय मालावर गेला, कारण कापणीच्या वेळी घड कोवळा असला तरी रंग नीट चढत नाही. पण त्याच शेतातला माल दोन नंबरच्या खोलीत व्यवस्थित पिकला होता. तेव्हा दोष मालाचा नसून खोलीचा आहे, एवढे निश्चित झाले.

मेकॅनिकने गॅसचा दाब मोजणारे गेज लावायच्या आधीच निदान केले. "भाऊ, गॅस कमी झाला असेल, भरून टाकू." मी त्याला थांबवले. चारही खोल्या एकाच युनिटच्या गॅसवर चालतात, म्हणून गॅस कमी असता तर चौघींना त्याची झळ बसली असती; आणि मुख्य म्हणजे आमची तक्रार खोली गार होत नाही अशी नव्हती, ती गरजेपेक्षा जास्त गार होते अशी होती. त्याने गेज लावून पाहिल्यावर दाब योग्यच निघाला. मेकॅनिक माणूस कामाचा चांगला आहे, पण गॅस भरणे हा या धंद्यात सगळ्या आजारांवरचा काढा झाला आहे.

मग आम्ही डिस्प्ले बाजूला ठेवला आणि सुई असलेले थर्मामीटर घेऊन केळीच्या गरातच तापमान मोजले. हे काम आमच्याकडे नाना करतात, कारण कोणत्या थरातली कोणती फणी उघडायची आणि टोचलेले केळे बाजूला कसे काढायचे याची त्यांना सवय आहे. कॉइलसमोरच्या क्रेटमध्ये गर १३ अंशांच्या किंचित खाली होता, दाराजवळ १७ होता. डिस्प्ले खोटे बोलत नव्हता. त्याचा सेन्सर दाराच्या चौकटीजवळ बसवला होता आणि तिथले तापमान तो खरेच सांगत होता. खोलीचा कारभार त्या डिस्प्लेकडे नव्हताच. तो चालवत होता मजघरात बसवलेला जुना, फिरत्या बटणाचा थर्मोस्टॅट, ज्याच्या तांब्याच्या बारीक कॅपिलरी नळीचे टोक भिंतीतून आत जाऊन कॉइलच्या मागे, परतीच्या हवेत लोंबकळत होते. त्या टोकाला असलेल्या बल्बमध्ये वायू भरलेला असतो. तो तापला की दाब वाढतो, दाबाने थर्मोस्टॅटमधला भाता फुगतो आणि काँटॅक्ट जुळतो. बल्बमधला वायू गळाला तर यंत्राला खोली कायम गार वाटते आणि थंडावा बंदच राहतो. आमचे लक्षण याच्या नेमके उलटे होते, म्हणून बल्ब फुटल्याची शंका तिथेच संपली.

उरल्या दोन शक्यता. एक तर थर्मोस्टॅट वेळेवर कट होत नव्हता, किंवा तो कट होऊनही सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकल्यामुळे गॅस झिरपत राहत होता. दोहोंचा निवाडा करायला मल्टिमीटर पुरतो. थर्मोस्टॅटचे बटण सर्वांत उबदार खुणेवर नेले, टिक असा आवाज आला, सोलेनॉइडच्या कॉइलवरचा २३० व्होल्टचा दाब शून्यावर आला आणि थोड्याच वेळात व्हॉल्व्हपुढची नळी हाताला कोमट लागू लागली. व्हॉल्व्ह निर्दोष होता. आमच्याकडे रात्री व्होल्टेज पडले की सोलेनॉइड घोंघावतो आणि कधी पूर्ण उघडत नाही, पण त्याने खोली गरम झाली असती, गार नाही.

एक बाब मात्र थर्मोस्टॅटच्याही आधी तपासावी असे मला वाटत होते, कारण खोली सर्वांत जास्त गार होत होती ती भर दुपारी. वैशाखात इकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो. त्या वेळी खोली उबदार होण्याकडे झुकावी, तर ती गारठत होती. कॅपिलरी जिथून भिंतीत शिरते त्या भोकावर बॅटरी धरली तेव्हा कारण दिसले. भोकात भरलेला फोम वाळून गळून पडला होता. कॉइलचे पंखे मागच्या बाजूने हवा ओढतात, त्यामुळे तिथे किंचित ओढ असते आणि त्या ओढीने मजघरातली तापलेली हवा भोकातून थेट बल्बवर येत होती. खोली १४ अंशांवर असली तरी बल्बला ती १९ अंशांवर असल्याचे भासत असणार. भोक फोमने बुजवले, वर सिलिकॉन लावले, आणि सैल झालेली क्लिप बदलून बल्ब भिंतीपासून दूर, पण हवेच्या वाटेतच राहील असा बांधला.

दुपारचा गारठा त्याने गेला. तरीही खोली निवांत झाली नाही. गराचे आकडे आता दिवसरात्र सारख्याच अंतराने खालीवर होत होते, आणि हे अंतर मोठे होते. याचा अर्थ थर्मोस्टॅटही म्हातारा झाला होता. ते सिद्ध करण्यासाठी खोली रिकामी होण्याची वाट पाहिली. थर्मोस्टॅट उघडण्यापूर्वी मेन स्विच काढला आणि दोन्ही दारे उघडून खोली व मजघर हवेशीर केले. इथिलीन ज्वलनशील आहे. हवेत त्याचे प्रमाण २.७ टक्क्यांच्या वर गेले तर ते पेट घेऊ शकते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने फळे पिकवण्यासाठी १०० पीपीएमपर्यंत इथिलीनला मुभा दिली आहे, म्हणजे शंभर भागांत ०.०१ भाग, त्यामुळे नेहमीच्या वापरात धोका दूर असतो. पण सिलिंडर जवळच उभा असताना ठिणगी पाडणारी पेटी उघडायची तर दारे उघडायला काय हरकत आहे?

चाचणीची पद्धत साधी आहे. बादलीत पाणी घेतले, काचेचे थर्मामीटर आणि थर्मोस्टॅटचा बल्ब एकत्र बांधून त्यात बुडवले, काँटॅक्टवर मल्टिमीटर बीपवर लावला, म्हणजे काँटॅक्ट जुळलेला असेपर्यंत तो वाजतो, आणि बटण १७ वर ठेवले. मग थोडाथोडा बर्फ टाकत, पाणी सतत ढवळत, बीप कधी थांबते ते पाहिले, आणि नंतर कोमट पाणी घालत ती पुन्हा कधी सुरू होते ते टिपले. घाई केली तर बल्ब पाण्याच्या मागे पडतो आणि आकडे फसवे येतात, म्हणून प्रत्येक अंशाला थांबावे लागते. आमचा थर्मोस्टॅट साडेबारा अंशांना कट होत होता आणि १८ ओलांडल्यावर पुन्हा जुळत होता. दोन अंशांच्या आसपास असायला हवा तो फरक साडेपाचांवर गेला होता. फरक कमीजास्त करण्याचा स्क्रू त्यात होता, तो फिरलाही, पण आकडे हलले नाहीत. झाकण काढल्यावर काँटॅक्टच्या टोकांवर काळे खड्डे पडलेले आणि तरफेची बिजागरी गंजलेली दिसली. खोल्यांमध्ये आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात ठेवावी लागते, दार उघडले की तीच दमट हवा मजघरात येते. तिथे वर्षानुवर्षे टांगलेल्या लोखंडी तरफेने आणखी काय करायचे होते?

मेकॅनिकने काँटॅक्ट घासून देण्याची तयारी दाखवली. मी नको म्हटले. घासलेला काँटॅक्ट काही दिवस चालतो आणि मग चिकटून बसतो. चिकटला की व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि एका रात्रीत अख्खी खोली बाधू शकते. नव्या डिजिटल कंट्रोलरची किंमत त्या एका खोलीतल्या मालापुढे किरकोळ होती.

कंट्रोलर बसवताना दोन गोष्टींनी वेळ घेतला. जुना थर्मोस्टॅट म्हणजे केवळ एक स्विच होता, त्याला दोनच तारा येत होत्या. नव्याला स्वतः चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, म्हणून न्यूट्रलची वेगळी तार पॅनेलपासून ओढावी लागली. दुसरी गोष्ट सेटिंगची. कंट्रोलर थंड करण्यासाठी आहे की गरम करण्यासाठी, सेन्सर कोणत्या जातीचा आहे आणि फरक किती ठेवायचा, हे आत शिरून सांगावे लागते. कंपनीने पाठवलेला सेन्सर एनटीसी जातीचा (तापला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा), २५ अंशांना दहा हजार ओहमचा होता आणि कंट्रोलरमध्ये दुसरीच जात निवडलेली होती, त्यामुळे सुरुवातीला पडद्यावर भलतेच आकडे आले. जात बदलल्यावर सेन्सर बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या दाट काल्यात बुडवला, पडद्यावर शून्याऐवजी ०.६ आले, तेवढी दुरुस्ती आत भरली. फरक दीड अंश ठेवला. सेन्सरची तार तुटली तर व्हॉल्व्ह उघडा राहावा की बंद, हेही ठरवता येते; मी बंद निवडले आणि भोंगा जोडला, कारण उबेने माल बिघडायला थंडीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कोणीतरी पोहोचते.

आता नाना रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खोलीतल्या कॉइलजवळच्या, मधल्या आणि दाराजवळच्या क्रेटचे गराचे तापमान वहीत लिहितात. तीन नंबरमध्ये दोन टोकांतला फरक आता दीड-दोन अंशांच्या आत राहतो. बाकीच्या तिन्ही खोल्यांचे थर्मोस्टॅट त्याच बादलीत तपासले. एक आणि दोन नंबरचे तग धरून आहेत, चार नंबरचा फरक चार अंशांवर पोहोचला आहे. तो श्रावण लागण्याआधी बदलायचा ठरला आहे, कारण उपवासांची मागणी सुरू झाली की खोली रिकामी मिळत नाही.