गुडघ्याचे बारा आठवडे, सात मिनिटांपासून

डाव्या गुडघ्याच्या एक्स-रेत सांध्यातलं अंतर कमी झालेलं दिसलं, म्हणजे झिजेचा संधिवात, तेव्हा पहिला विचार आला तो चालणं कमी करण्याचा. तो चुकीचा होता. सांध्यातल्या कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाला) स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो, त्यातूनच सांध्यातला द्रव तिच्यात मुरतो. न हलवलेला गुडघा म्हणूनच जास्त आखडतो आणि मांडीचा स्नायू अशक्त झाला की सगळा भार सांध्यावर येतो. शिवाय एक्स-रे आणि वेदना यांचं गणित नेहमी जुळत नाही. झिजलेले गुडघे घेऊन विनातक्रार चालणारे पुष्कळ असतात.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून एक खात्री करून घ्यावी. झिजेच्या संधिवातात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो. तो तासन् तास राहत असेल, सांधा लाल-गरम होऊन सुजत असेल, ताप असेल किंवा पोटरी अचानक सुजली असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासणी.

किती चालता येतं याचं मोजमाप बडोद्याच्या कमाटीबागेत केलं. सयाजीबाग हे नाव पाटीवर, बोलण्यात सगळ्यांची कमाटीबागच. सकाळी सपाट रस्त्यावर चालायचं आणि दुखणं नेहमीपेक्षा दोन अंकांनी वाढलं (शून्य ते दहाच्या मापावर) की घड्याळ बघायचं. तीन दिवसांचे आकडे आले ९, ६ आणि १२ मिनिटं. सरासरी ९. त्यातून पाचवा हिस्सा वजा केला, म्हणजे साधारण ७. बरं वाटत असलं तरी सातच, आणि कंटाळा असला तरी सातच. पुढे आठवड्याला एक मिनिट वाढ. सगळ्यात अवघड भाग हाच आहे. चांगल्या दिवशी चाळीस मिनिटं चालायचं आणि पुढचे तीन दिवस पलंगावर काढायचे, या चक्रातच बहुतेकांचा गुडघा अडकतो.

प्रमाण बरोबर आहे का, हे दुसऱ्या दिवशीच्या सकाळी कळतं. व्यायाम करताना दुखणं चारपर्यंत गेलं तर चालतं. चोवीस तासांत ते मूळ पातळीवर आलं नाही, तर जास्त झालं. मग थांबायचं नाही, दोन-तीन दिवस निम्मं करायचं.

स्नायूंसाठी खुर्चीवरून उठणं-बसणं हा एक व्यायाम नीट केला तरी खूप झालं. खुर्ची साधारण १८ इंच उंच, लाकडी आणि भिंतीला टेकवलेली. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवर सरकते. बैठकीच्या पुढच्या निम्म्या भागात बसा, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. धड कमरेतून पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. मग श्वास सोडत उठा, आणि चार आकडे मोजत खाली बसा. शेवटच्या दोन इंचांत धपकन बसलात, तर व्यायामाचा सगळ्यात कसाचा भाग निसटतो. उठणं जमत नसेल तर गोधडी घडी करून खाली घ्या. पाच-पाचचे दोन फेरे, एक दिवसाआड, आणि हळूहळू दहा-दहाचे तीन.

इथे दोन चुका हमखास होतात. गुडघे आत वळतात, आणि बरा पाय नकळत सगळा भार उचलतो. पहिलीवर उपाय म्हणजे गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत आहे का हे पाहत राहणं. दुसरीसाठी बरा पाय चार बोटं पुढे ठेवायचा, म्हणजे दुखऱ्या पायाला काम करावंच लागतं. लक्ष ठेवायचं तळपायाच्या तीन जागांवर: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. करंगळीखालचा भार सुटला की गुडघा आत कलतो, आणि दिसण्याआधी ते तळव्याला कळतं.

संध्याकाळी दहा मिनिटं पाठीवर आडवं व्हायचं, गुडघ्यांखाली उशी. 'दुखतंय' या एका शब्दावर न थांबता त्यात काय काय आहे ते पाहायचं. गुडघ्याच्या वाटीखाली ओढ, मागे ऊब, आणि मांडी घट्ट आवळलेली. पैकी ओढ श्वासाने जात नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. मांडी मात्र लांब उच्छ्वासाबरोबर सैल होते. दुखण्याच्या धास्तीने आवळलेला हा स्नायू दिवसभर वाटी दाबत असतो. तो सुटला तरी रात्री कूस बदलणं सोपं होतं.

खरी परीक्षा उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी. अगाशीचा (गच्चीचा) जिना अरुंद आणि पायऱ्या उंच, त्यातून घरचे दिवसभर वर. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी, एक हात कठड्यावर. काठी असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. चपला घालून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी मूठ यावी, इतकीच तिची उंची. वर दिवसातून दोनदाच जायचं आणि दर वीस मिनिटांनी बसायचं, असं आधीच ठरवा. यंदा चौथ्यांदा जिना चढल्यामुळे गुडघा सुजला आणि सोळा मिनिटांचं चालणं तीन दिवस आठवर आणावं लागलं. बिछान्यात न पडल्यामुळे दहा दिवसांत पुन्हा सोळावर.

आणि बडोद्याच्या घरातला झोपाळा. त्यावर बसून दोन्ही पायांनी हलकेच झोका घेतला, तर भार न पडता गुडघा वाकतो आणि सरळ होतो. सकाळच्या ताठरपणाला ही पाच मिनिटं छान. उतरताना मात्र झोका पूर्ण थांबू द्या, दोन्ही टाचा जमिनीला टेकवा, कड्या धरा, पुढे सरका आणि मगच उठा. हलत्या पाटावरून एका पायावर उतरताना गुडघ्याला पीळ बसतो.